गिअरपेटी आणि पेट्रोलचा हिशेब

स्वयंचलित गिअरची मोटार म्हणजे पेट्रोलची उधळपट्टी, हा समज निराधार खचितच नव्हता. कारण 1940 सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ गिअरपेटी अवतरली, तीत क्लचच्या जागी तेलात बुडालेली पात्यांची दोन चक्रे समोरासमोर होती, आणि इंजिनाने फिरवलेल्या पहिल्या चक्राच्या तैलप्रवाहाने फिरणारे दुसरे चक्र सदैव किंचित मागे राहत असल्यामुळे तेवढी शक्ती उष्णतेच्या रूपाने तेलातच जिरत असे. शिवाय तेलाचा पंपही आपली वसुली करीच. पुढे 1949 मध्ये पॅकार्ड कंपनीने, ठरावीक वेगानंतर ही दोन्ही चक्रे एकमेकांस घट्ट जखडणारी योजना केली. तरी ती सार्वत्रिक होण्यास इंधनटंचाईचे आठवे दशक उजाडावे लागले.

आपल्याकडे 2014 साली आलेल्या मारुती सेलेरिओच्या स्वयंचलित प्रकारात तर साधाच क्लच आणि साधेच गिअर, फक्त ते चालवणारा हात यंत्राचा, त्यामुळे हाताने गिअर बदलायचा आणि हा, अशा दोन्ही प्रकारांचे प्रमाणित मायलेज सारखेच, लिटरला 23.1 किलोमीटर, नोंदले गेले. अर्थात प्रमाणपत्रातील आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र दुसऱ्या गिअरवरच इंजिनास ओरडायला लावणाऱ्या आपल्या चालकबंधूंपेक्षा यंत्र पुष्कळदा काटकसरी ठरते, तर पुढचा चढ पाहून आधीच गिअर बदलणारा जाणता चालक आजही त्यास हार जात नाही.