१८ किलो मॉर्फिन, ९५ कोटी माणसं

१९९७ साली अख्ख्या भारतात औषध म्हणून किती मॉर्फिन वापरलं गेलं? १८ किलो. दहा मिलिग्रॅमची एक, अशा गोळ्या केल्या तर १८ लाख. लोकसंख्या तेव्हा ९५ कोटींच्या वर. म्हणजे वर्षभरात पाचशेहून जास्त माणसांमागे एक गोळी.

हाच हिशेब रुग्णाच्या बाजूने मांडू. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णाला रोज ६० ते ७५ मिलिग्रॅम मॉर्फिन सुमारे तीन महिने लागेल, असं जागतिक अंदाजांत धरतात. माणशी साधारण ६ ग्रॅम. १८ किलोंत बसतात फक्त ३,००० रुग्ण.

मॉर्फिन हे वेदनाशामक अफूपासून बनतं. अफूचा तुटवडा म्हणावा, तर मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात ती सरकारी परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. औषध अडलं ते कागदांत. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गंभीर गुन्ह्याला किमान १० वर्षं सक्तमजुरी होती. रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागायचे. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असायची. एवढी जोखीम घेण्यापेक्षा दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. बारा वर्षांत वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला.

जगाचा आकडा याहून चक्रावणारा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली मांडलेल्या हिशेबानुसार जगात वर्षाला मॉर्फिनच्या मापात सुमारे ३०० टन अफूजन्य वेदनाशामकं वाटली जात होती. सगळ्यांत गरीब देशांच्या वाट्याला त्यातले १०० किलो. गरजू रुग्णामागे कॅनडात ६८,१९४ मिलिग्रॅम, भारतात ४३: चार गोळ्या आणि वर थोडा चुरा. आणि जगभरची ही तूट भरायचा खर्च? स्वस्तातल्या भावाने वर्षाला साडेचौदा कोटी डॉलर. गरजू ६ कोटी १० लाख. माणशी अडीच डॉलरही पडत नाहीत.

भरमसाट वाटप हेही उत्तर नाही. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेने ८०,००० माणसं गेली. वर्षानुवर्षं पाठ किंवा गुडघा दुखणाऱ्याला बहुतेकदा व्यायाम, फिजिओथेरपी आणि साधी औषधंच लागतात. कोणाला काय द्यायचं, हे ओळखणारा डॉक्टर जवळपास असावा लागतो.

२०१४ साली भारताच्या संसदेने १९८५चा तो कायदा सुधारला. मॉर्फिनसह सहा औषधांसाठी आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला एकाच खात्याची परवानगी पुरते. केरळने २००८ सालीच पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं सुसह्य करणाऱ्या सेवेचं, धोरण आखून ही सेवा पंचायतींमार्फत घरोघर नेली होती.

आज भारतात कॅन्सरने वर्षाला नऊ लाखांच्या आसपास माणसं मरतात. त्यांतल्या ऐंशी टक्क्यांना माणशी ६ ग्रॅम द्यायचं म्हटलं, तर लागतील सुमारे ४,३०० किलो. देशभराचा वर्षाचा माल अर्ध्या ट्रकात मावेल. महाराष्ट्रात जिल्हे ३६. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन लिहून द्यायला शिकलेला एक डॉक्टर, कुलपाचं एक कपाट आणि नोंदवही, एवढी सोय लागते. आणि ती मागायला कोणतीही नवी दुरुस्ती नको.