दुभाषी मुलगा

आठवीतल्या एका मुलाच्या दप्तरात बिअरचे कॅन सापडले. आई हॉटेलातली ड्यूटी अर्धवट टाकून धावत आली. मायामीतल्या ज्या शाळेत मी समुपदेशक आहे, तिथली बहुतेक मुलं क्यूबा, निकाराग्वा, होंडुरासमधून आलेल्या घरांतली. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून वर्गशिक्षिकेचं बोलणं मुलगाच स्पॅनिशमध्ये सांगत होता. मला कामापुरतं स्पॅनिश समजतं. बिअरचा विषयच त्यानं गाळला होता. अभ्यासाची तक्रार आहे, एवढंच सांगितलं. बैठक थांबवून मी दुभाषी बोलावला.

त्या पोराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुलं इंग्रजी पटकन उचलतात. आईवडील दोन-दोन नोकऱ्यांत पिचलेले. बँकेचं पत्र, डॉक्टरांची सूचना, सगळं मुलांच्या तोंडून कळतं. मग घरात मोठं कोण, हेच उलटं होतं आणि पोराला जाब विचारायची आईवडिलांची हिंमत खचते.

अमेरिकेत दारू विकत घ्यायला २१ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तरीही मिशिगन विद्यापीठ १९९१ पासून आठवीच्या मुलांची जी पाहणी करतं, तीत हिस्पॅनिक मुलांमधलं पिण्याचं प्रमाण अनेक वर्षं गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांपेक्षा जास्त दिसलं. पण त्यावरून ‘यांच्यात पितातच’ असं म्हणणं मला संतापजनक वाटतं, कारण ही सवय मुलं घरून घेऊन येत नाहीत. नुकत्याच स्थलांतर करून आलेल्यांपेक्षा अमेरिकेत जन्मलेली हिस्पॅनिक मुलं जास्त पितात, असं संशोधनात वारंवार दिसलं आहे.

मायामी विद्यापीठातल्या होजे सापोचनिक, हिल्डा पँटिन, गिलेर्मो प्राडो यांच्या गटानं अशाच घरांसाठी ‘फामिलियास उनिदास’ (एकजूट कुटुंबं) हा कार्यक्रम उभा केला. त्यात आधी बसतात ते पालक, आणि बोलणं स्पॅनिशमध्ये. भाषण नसतं, सराव असतो. एक मुलगा होतो, दुसरी आई. ‘पार्टीला कोण कोण आहे? तिथे मोठं माणूस असेल का?’ आवाज न चढवता हे विचारणं किती कठीण! नंतर कार्यकर्ते घरी जातात, तेव्हा हेच बोलणं खऱ्या मुलाशी होतं. या कार्यक्रमाच्या चाचण्यांत घरातला संवाद सुधारला, मुलांची व्यसनाकडची ओढही कमी झालेली आढळली.

अडचण वेळेची. दुपारी चारची बैठक म्हणजे आईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार. म्हणून शाळांना माझी कळकळीची विनंती आहे: बैठक संध्याकाळी ठेवा, दुभाषी आधीच ठरवा, आणि मुलाला दुभाष्याच्या खुर्चीत बसवू नका.