चकती, फीत आणि प्रत परत मिळण्याचा वेळ

हस्तलिखितांच्या संगणकीय प्रतिमांची राखीव प्रत आहे, एवढ्यावर बहुतेक ग्रंथसंग्रहांचे समाधान होते. परंतु मूळ साठा निकामी झाल्यास ती प्रत किती वेळात हाती येईल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक राखीव साठ्याची सारी रचना याच प्रश्नावरून ठरवावयास हवी.

या कामी चकती आणि चुंबकीय फीत ही दोन माध्यमे वापरली जातात. चकतीवरील कोणत्याही जागी क्षणार्धात पोहोचता येते. फीत मात्र गुंडाळलेली असते. हवा तो मजकूर टोकाशी असल्यास तेथवर ती उलगडत न्यावी लागते. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ या प्रकारच्या फितीत १८ टेराबाइट मजकूर मावतो आणि जागा सापडल्यावर तो सेकंदाला सुमारे ४०० मेगाबाइट या वेगाने वाचता येतो. तेव्हा फीत मंद असते हा समज अर्धाच खरा. ती मंद ठरते ती शोधण्यात. उलट, यंत्रातून काढून ठेवलेल्या फितीला यंत्रणेतील दोष शिवू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेल सेवेत आज्ञावलीतील एका चुकीमुळे सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली. चकत्यांवरील अनेक प्रतींनाही त्या चुकीची बाधा झाली होती. फितींनी पत्रे वाचविली. मात्र ती परत येण्यास वेळ लागला.

दोहोंचे गुण साधण्यासाठी आयबीएमच्या १९९३ मधील एडीएसएम या प्रणालीत आणि तिच्या पुढील आवृत्त्यांत ‘स्टोरेज पूल’ची कल्पना राबविलेली आहे, आपण त्यास भांडार म्हणू. मजकूर प्रथम चकतीभांडारात येतो, कारण तेथे अनेक संगणक एकाच वेळी लिहू शकतात. ते ९० टक्के भरले की मजकूर फीतभांडारात हलविला जाऊ लागतो आणि ७० टक्क्यांवर येताच हे काम थांबते. या मर्यादा बदलता येतात. तसेच मजकूर किमान किती दिवस चकतीवर राहावा, हेही ठरविता येते. माझ्या मते या दिवसांच्या बाबतीत कृपणता करू नये. चुकून पुसली जाते ती बहुधा आज किंवा काल हाताळलेली संचिका, आणि ती चकतीवर असेल तर मिनिटभरात परत मिळते.

खरी अडचण पुढे आहे. ही प्रणाली पहिल्या वेळी सर्व मजकूर घेते, नंतर केवळ नवा वा बदललेला. त्यामुळे पाच वर्षांत एकाच संग्रहाची पाने चाळीस फितींवर विखुरलेली असू शकतात. एका प्रकरणाचे कागद निरनिराळ्या रुमालांत बांधले गेल्यावर दप्तरखान्यात जी धावपळ होते, तीच येथे यंत्राची होते. प्रत्येक फीत चढविण्यास व जागा शोधण्यास दोन मिनिटे धरली, तरी चाळीस फितींचे ऐंशी मिनिटे एक अक्षरही न वाचता जातात. पुढे पुढे त्याच फितीकडे पुन्हा वळावे लागले तर हिशेब आणखी वाढतो. यावर उपाय म्हणजे एका संग्रहाचा मजकूर शक्य तितक्या कमी फितींवर एकत्र ठेवण्याची आज्ञा देणे. त्याची किंमत अर्धवट भरलेल्या फितींच्या रूपाने द्यावी लागते. म्हणून ही सोय सरसकट नको. ज्या मोठ्या संग्रहावाचून काम अडेल, त्याच्यासाठी मात्र ती अवश्य असावी.

कालांतराने फितींवरील जुन्या आवृत्त्या बाद होतात. उरलेला मजकूर नव्या फितीवर एकत्र करून जुनी मोकळी करावी लागते. दुसऱ्या फितींचा संच अन्य इमारतीत ठेवणे हेही सर्वमान्यच आहे.

या साऱ्यात दुर्लक्षिली जाते ती सूची. कोणत्या पोथीचे कोणते पान कोणत्या फितीवर आहे, हे फक्त प्रणालीच्या सूचीला ठाऊक असते. ती नष्ट झाल्यास फिती शाबूत असूनही मुक्या होतात. म्हणून सूचीची प्रत रोज स्वतंत्रपणे काढावी, आणि ती कोणत्या फितीवर आहे याची नोंद संगणकाबाहेर, कागदावर ठेवावी.