एका घरातल्या तीन ट्यूब

सकाळी ६.१५
चापेकर चौकाजवळच्या आमच्या लॅबचं शटर वर जातं. मशिनला आधी कंट्रोल लावायचं, म्हणजे ज्याचे आकडे ठाऊक आहेत असं सिरम चालवून बघायचं. कंट्रोल हद्दीत बसल्याशिवाय एकही पेशंट मशिनवर चढत नाही.

७.४५
चाकणच्या रात्रपाळीच्या बस परतल्या. बेचाळिशीचे एक दादा थेट इकडेच आले. घराण्यात पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे पीकेडी. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी वाढत जाणारा आजार. खुर्चीत बसताच त्यांनी पंजाची मागची बाजू पुढे केली. पुढेमागे डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे हाताची शीर धमनीला जोडणं, करावी लागली, तर पंजाच्या वरच्या हाताच्या शिरा शाबूत हव्यात.
"रात्री कॅन्टीनला मटण-चिकन?"
"नाही ताई, वरणभात."
विचारावं लागतं. शिजवलेल्या मांसानं क्रिएटिनिन काही तास वर जातं.

९.३०
त्यांच्या थोरल्या भावाचं, वय ५१, घरून घेतलेलं रक्त आलं. सेंट्रीफ्यूजमधून ट्यूब काढली तर जेलवरचं सिरम पिवळसर असायचं ते गुलाबी. पोटॅशियम ६.३. हा आकडा खरा असेल तर हृदयाच्या ठोक्यांना धोका. पण तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम सिरममध्ये उतरतं, आणि गुलाबी रंग त्याचीच खूण. डॉक्टरांना लगेच फोन केला आणि सॅम्पल पुन्हा मागवलं.

११.००
दुसरं सॅम्पल स्वच्छ. पोटॅशियम ५.२, क्रिएटिनिन ५.८, फॉस्फरस वाढलेला, बायकार्बोनेट १८, म्हणजे रक्तात आम्ल साठतंय. हिमोग्लोबिन मात्र १३.१. एवढ्या क्रिएटिनिनला एरवी ते बरंच खाली दिसतं, कारण रक्त बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन दमलेली किडनी पुरेसं तयार करत नाही. पॉलिसिस्टिकमध्ये गाठींच्या आसपासच्या पेशी ते बनवत राहतात, म्हणून बऱ्याच जणांचं हिमोग्लोबिन टिकतं. नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानणारा इथे फसतो.

१२.३०
धाकट्या दादांचा रिपोर्ट : क्रिएटिनिन १.९, यूरिक अॅसिड ८.२. या आजारात यूरिक अॅसिड चढलेलं अनेकदा दिसतं. १.९ हा आकडा दिसायला लहान, पण बेचाळिशीच्या पुरुषात त्यावरून गाळण्याचा वेग मिनिटाला ४५ मिलिलिटरच्या आसपास निघतो. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय सही करत नाहीत.

संध्याकाळी ६.००
थोरल्यांचा मुलगा कॉलेज सुटल्यावर आला. वय २२. दुपारी आईनं रक्त द्यायला लावलं होतं. क्रिएटिनिन ०.९, सोडियम-पोटॅशियम ठीक.
"म्हणजे मला नाहीये ना?"
आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. बहुतेक घरांत दोष पीकेडी-१ या जनुकात असतो, काहींत पीकेडी-२ मध्ये. आणि गाठी वाढत असताना उरलेल्या गाळण्या जास्तीचं काम ओढतात. दोन माणसं रजेवर असली तरी लाइनचं प्रॉडक्शन पूर्ण भरावं, तसं. त्यामुळे क्रिएटिनिन वर्षानुवर्षं नॉर्मल छापून येतं. ते हलायला लागेपर्यंत किडनीचं पुष्कळ नुकसान होऊन गेलेलं असतं.
निदान करणं माझं काम नाही. एवढंच म्हटलं, "रिपोर्ट चांगला आहे, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. ते सोनोग्राफीत मिळेल. डॉक्टरांना घरातलं सगळं सांग, आणि बीपी मोजून घे." क्रिएटिनिन हलायच्या आधीच बीपी वाढलेलं अनेकांत सापडतं.

७.३०
आमच्या फॉर्मवर नाव, वय, लिंग, उपाशीपोटी की जेवून, एवढेच रकाने. मुलाच्या फॉर्मच्या कोपऱ्यात मी पेनानं लिहिलं : 'वडील व काका – पीकेडी'. ०.९ हा आकडा कसा वाचायचा, ते या चार शब्दांवर ठरतं. हा रकाना छापीलच हवा, असं मॅडमना उद्या सांगणार आहे.