बॅटरी गुडघ्याशी धरा

रत्नागिरीकडच्या गावात नमनाचा खेळ बघून मध्यरात्री घरी परतणारा माणूस चोराला फारसा घाबरत नाही. त्याची नजर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या दगडांवर असते, कारण तिथे फुरसं असू शकतं. वीत-दीड वीत लांबीचा विषारी साप, कातळमातीच्याच रंगाचा. इंग्रज सरकारने फुरशावरचं बक्षीस वाढवलं, तेव्हा डिसेंबर १८६२ मध्ये जेमतेम आठवडाभरात या जिल्ह्यात लाखाहून जास्त फुरशी मारली गेली. तरी ते दगडी गडग्याच्या फटीत आजही आहेच.

पूर्वी हातात पेटती चूड असायची, आता मोबाइल असतो. उजेड वाढला, पण आपण तो धरतो चुकीचा. डोक्याला लावलेल्या किंवा डोळ्यांपाशी धरलेल्या बॅटरीचा उजेड नजरेच्याच दिशेने जातो. त्यामुळे वस्तूची सावली तिच्या मागेच लपते आणि जमीन सपाट दिसते. हिशेब करून बघा. वेटोळं घातलेलं फुरसं तीन सेंटिमीटर उंच आणि दोन मीटर पुढे आहे असं धरू. बॅटरी दीड मीटर उंचीवर असेल, तर सावली चार सेंटिमीटरची. तीच बॅटरी गुडघ्याजवळ, चाळीस सेंटिमीटरवर आणली की सावली सोळा सेंटिमीटर लांब होते. फुरसं मातीच्या रंगात लपेल, पण सावली कुठे लपवणार?

आता डोळ्यांचं. अंधारात पाहण्याचं काम नेत्रपटलावरच्या दंडपेशी करतात. त्यांच्यातलं ऱ्होडोप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होतं आणि पुन्हा पुरतं भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. समोरून आलेल्या मोटरसायकलचा झोत ही कमाई क्षणात घालवतो. अशा वेळी एक डोळा मिटून घ्यावा, निदान तेवढा तरी शाबूत राहतो. अंगावर येणाऱ्या माणसाच्या तोंडावर झोत मारून पळ काढायला मिळतो, तोही याच कारणाने. लाल उजेडाने दंडपेशी फारशा बिघडत नाहीत, म्हणून आकाशनिरीक्षक तो वापरतात. पण पाखाडीवर तो कामाचा नाही, तपकिरी नक्षी त्यात मिसळून जाते.

दुसरी भीती बिबट्याची. त्याच्या डोळ्यांत नेत्रपटलामागे आरशासारखा थर असतो, त्यामुळे झोत पडताच ते चमकतात. चमकले की थांबा, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात बिबट्या लख्ख दिसतो. फुरसं मात्र आजूबाजूच्या दगडाइतकंच गरम किंवा गार असतं, ते त्यात हरवतं. महागड्या यंत्रापेक्षा इथे साधी बॅटरी सरस.

आणि फुरसं चावलंच, तर पाय आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. त्यावर उतारा सर्पदंशावरच्या प्रतिविषाचाच, आणि ते रुग्णालयातच मिळतं.