फुगा आधी कुठून फुगतो? हृदयाची आक्रसलेली झडप उघडणाऱ्या बलूनमागचं इंजिनिअरिंग

उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना कुणालाही दम लागतो. त्यामुळे दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून कारखान्यांकडे निघणाऱ्या पंचविशीतल्या एखाद्या बाईला जरा जास्तच धाप लागली, तर "अंगात रक्त कमी आहे" एवढ्यावर विषय संपतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधी कधी अडचण रक्तात नसते. रक्त ज्या दारातून पुढे जातं, ते दारच अर्धवट बंद झालेलं असतं.

हे दार म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप. छाती न उघडता, मांडीतल्या शिरेतून एक फुगा नेऊन ते उघडता येतं. हा फुगा नेमका कसा बनवलाय, ते आज समजून घेऊया.

झडप आक्रसते कशी?

सुरुवात बहुतेक वेळा लहानपणी होते. 5 ते 15 वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे दुखतो आणि उपचार होत नाहीत. अशा काही मुलांमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा जिवाणूशी लढता लढता स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावरच हल्ला करते. हा ऱ्हुमॅटिक फीव्हर. सांधे बरे होतात, पण झडपेला सूज येत राहते आणि तिच्या दोन पाकळ्यांच्या कडा हळूहळू एकमेकींना चिकटतात.

निरोगी मायट्रल झडप उघडली की साधारण 4 ते 6 चौरस सेंटीमीटर जागा मिळते. ती 1.5 किंवा त्याहून कमी झाली की आजार गंभीर समजतात. पुढे जायला वाट नाही म्हणून रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसांत दाब वाढतो आणि धाप लागते. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं, ठोकेही वाढतात, म्हणजे प्रत्येक ठोक्यात रक्त पुढे सरकायला वेळ कमी मिळतो. त्यामुळे अनेक बायकांचा हा आजार पहिल्यांदा लक्षात येतो तो गरोदरपणातच.

आधी बोट, मग फुगा

1925 मध्ये लंडनला हेन्री सूटर या सर्जनने एका मुलीच्या हृदयात चक्क बोट घालून झडप मोकळी केली. 1948 नंतर ही पद्धत रुळली. त्यातून एक गोष्ट कळली. झडप कापावी लागत नाही. चिकटलेल्या कडांवर बाहेरच्या दिशेने जोर दिला, की ती शिवणीवर उसवल्यासारखी उघडते.

कानजी इनोऊए हे जपानी हृदयशल्यचिकित्सक. बोटाचं हे काम फुग्याकडून करून घ्यायचं त्यांनी ठरवलं आणि 1982 मध्ये पहिल्यांदा ते रुग्णावर केलं. आज जगभर वापरला जाणारा इनोऊए बलून तो हाच.

साधा फुगा का चालत नाही?

समजा तुम्ही लांबट फुगा झडपेत नेला आणि फुगवला. हृदय तर थांबलेलं नाही. ओल्या हातातून साबणाची वडी निसटावी तसा फुगा पुढे किंवा मागे सटकतो. महाधमनीच्या झडपेत सरळ नळीसारखे बलून वापरतात, तेव्हा फुगा जागेवर राहावा म्हणून बहुधा पेसमेकरने हृदयाचे ठोके काही सेकंद खूप वाढवतात, म्हणजे रक्ताचा जोर पडतो.

इनोऊए यांनी हा प्रश्न आकारानेच सोडवला. त्यांच्या बलूनमध्ये रबराचे दोन थर आहेत आणि मध्ये पॉलिएस्टरची बारीक जाळी. ही जाळी सगळीकडे सारखी ताणली जात नाही. त्यामुळे सिरिंजने द्रव भरत गेलं की बलून ठरलेल्या क्रमाने फुगतो:

1. आधी पुढचा भाग फुगतो. तो झडपेच्या पलीकडे, खालच्या कप्प्यात असतो. डॉक्टर बलून हलकेच मागे ओढतात आणि तो झडपेला येऊन अडकतो.
2. मग मागचा भाग फुगतो. आता बलून डमरूसारखा दिसतो आणि झडप बरोबर त्याच्या कमरेत सापडते. इकडे नाही, तिकडे नाही.
3. शेवटी कंबर फुगते. खरा जोर इथे लागतो आणि चिकटलेल्या कडा सुटतात.

हे सगळं काही सेकंदांत आटोपतं, कारण फुगलेला बलून तेवढा वेळ रक्ताची वाटच अडवून धरतो. सॉफ्टवेअरवाल्यांना इथे ओळखीचं काहीतरी दिसेल. पायऱ्यांचा क्रम डॉक्टरांच्या हातावर सोडलेला नाही, तो जाळीच्या विणीतच आहे.

साइज कशी ठरते?

यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, जवळच्या दहाच्या पटीत आणा, तिला 10 ने भागा आणि 10 मिळवा. उंची 152 असेल तर 150 धरायची. 15 अधिक 10, म्हणजे 25 मिलिमीटर.

पण पहिल्याच फटक्यात तिथवर जात नाहीत. या बलूनचा व्यास त्यात किती द्रव भरला यावर ठरतो, म्हणून एकच बलून आधी थोडा कमी, मग एकेक मिलिमीटर वाढवत फुगवता येतो. दर वेळी इकोवर झडप तपासतात. पुरेशी उघडली किंवा गळायला लागली, की थांबायचं. जास्त फुगवलं तर शिवणीऐवजी पाकळीच फाटते, रक्त उलटं वाहू लागतं आणि मोठं ऑपरेशन करावं लागू शकतं.

आत भरतात ती हवा नाही, एक्स-रेवर दिसणारं पातळ केलेलं औषध असतं. बलून फुटलाच तर हवेचा बुडबुडा थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. द्रवाने तो धोका टळतो. शरीरात घालण्याआधी बलून बाहेर फुगवून त्याचा व्यास मोजतात, कारण रबर जुनं झालं की त्याच द्रवाला वेगळा व्यास देऊ शकतं.

मांडीपासून झडपेपर्यंत

बलूनची नळी 12 फ्रेंच मापाची असते. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर, म्हणजे ही नळी 4 मिलिमीटर जाड. आत धातूची नळी सरकवून बलून लांब ताणतात, की तो बारीक होतो आणि शिरेत शिरतो. शिर उजव्या बाजूला पोहोचते, झडप मात्र डावीकडे. म्हणून मधल्या पडद्याला सुईने छोटं छिद्र पाडून पलीकडे जावं लागतं. बहुतेकांमध्ये ते पुढे आपोआप बुजतं. या पायरीत हातखंडा लागतो, कारण सुई चुकली तर हृदयाभोवती रक्त साचू शकतं.

हा उपाय सगळ्यांना चालत नाही. डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी असेल, झडप आधीच खूप गळत असेल किंवा त्यावर कॅल्शियम साचून ती दगडासारखी झाली असेल, तर बहुधा दुसरा मार्ग शोधावा लागतो.

बलून जे करू शकत नाही

बलून दार उघडतो, पण आजार पुसत नाही. घशाचा संसर्ग पुन्हा झाला तर झडपेचं आणखी नुकसान होतं. म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन साधारण दर 21 दिवसांनी, अनेक वर्षं घ्यावं लागतं. गाळप हंगामात पाच-सहा महिने गावाबाहेर, फडावर राहणाऱ्या कुटुंबासाठी हे सगळ्यात अवघड काम आहे. औषध स्वस्त आहे, पण तारीख पाळायला दवाखाना जवळ हवा आणि त्या दिवसाचा खाडा परवडायला हवा.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. मुलाचा घसा दुखून ताप आला आणि नंतर एकामागून एक सांधे सुजले, तर डॉक्टरांना हा क्रम जरूर सांगा. शाळेतल्या मुलांच्या मोफत तपासणीत, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, या हृदयरोगाचा समावेश आहे. ती तपासणी चुकवू नका. गरोदर बाईला झोपल्यावर धाप लागत असेल, उठून बसल्यावर बरं वाटत असेल, तर फक्त लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका, हृदयाचा इको करायचा का ते विचारा. आणि हंगामाला निघण्याआधी इंजेक्शनच्या तारखांचा कागद सोबत घ्या. कारखान्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात तोच कागद दाखवून पुढचं इंजेक्शन मागता येतं.