विकत घेतलेलं ई-पुस्तक कुणाचं?

जुलै २००९मध्ये अमेरिकेतल्या अनेक वाचकांच्या ‘किंडल’ या अ‍ॅमेझॉनच्या ई-वाचनयंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तकं परस्पर नाहीशी झाली. ती पुरवणाऱ्याकडे तिथले हक्कच नव्हते, म्हणून अ‍ॅमेझॉनने दुरूनच प्रती पुसल्या आणि पैसे परत केले. एका विद्यार्थ्याची अभ्यासाची टिपणं त्यापायी निरुपयोगी ठरली. पुढे अ‍ॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली.

हे घडू शकलं, कारण ई-पुस्तकाच्या ग्राहकाला बहुधा मालकी नव्हे, फक्त वाचनाचा परवाना मिळतो. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं, तेव्हाही पैसे परत आले, पुस्तकं गेली.

अर्थात ई-पुस्तकाचे फायदेही आहेत: अक्षर मोठं करता येणं ही वयस्कर वाचकांसाठी केवढी सोय! पण जे पुस्तक जपायचंय, उसनं द्यायचंय, ते छापीलच घ्यावं.